कोपऱ्यातल्या खोलीचा सीझन

संक्रांतीचं उत्तरायण झालं की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तारांवर पतंग लटकलेले राहतात. कुणी काढत नाही, पावसात कुजतात, तरी सांगाडे तसेच. आमच्या ऑफिसात किस्से असेच लटकलेले आहेत. काम म्हणाल तर एकच, लोकांना नेपाळला पाठवायचं. दुसरा देश नाही, दुसरा धंदा नाही. मी घरी स्वाती, ऑफिसात स्वातीबेन. टेबलं तीन, एक माझं, एक तिकिटं आणि बुकिंग बघणाऱ्या परेशभाईंचं आणि एक मालकांचं, म्हणजे नानांचं. पण विचारायला येणारा प्रत्येक माणूस जाताना एकतरी किस्सा ठेवून जातो. छत्री विसरून जातात तसा!

परवा मैत्रिणी म्हणाल्या, सांग की. म्हटलं, सांगते, पण मध्ये बोलायचं नाही.

* * *

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच. "बेस्ट सीझन कुठला?"

एकदा इथल्याच अकोट्यातून एक बेन आल्या. मी म्हटलं, "ऑक्टोबर. आकाश स्वच्छ, डोंगर समोर."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना माहेर सोडायला सांगितलं. "ऑक्टोबरमां? नवरात्रीमां? गरबा छोडीने कोण जाय?"

खरंच होतं ते. बडोद्याचा माणूस एक वेळ नोकरी सोडेल, नवरात्रात गाव सोडणार नाही. म्हटलं, मग दिवाळीत? दिवाळीत मुलगा अमेरिकेहून येणार. डिसेंबर? लग्नं. जानेवारी? उत्तरायण! पतंग आणि गच्ची सोडून डोंगर कोण चढणार? मार्चमध्ये नातवाची परीक्षा, एप्रिलमध्ये कैऱ्या, छुंदा उन्हात ठेवायचा, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर, मगरी रस्त्यावर, घर बंद ठेवून जायचं कसं?

मी कॅलेंडर खाली ठेवलं. बेन खुर्ची पुढे ओढून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "स्वातीबेन, रविवारी जाऊन सांजे परत येता येईल एवुं कंई नथी?"

* * *

आता नाना. नानांचे आजोबा बडोदा संस्थानाच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते. हुद्दा गेला, पण बोलण्यातली ऐट नानांकडे आली. सीझन विचारला की नाना चष्मा काढतात, खुर्चीत ताठ होतात आणि सुरू करतात.

"ऑक्टोबर-नोव्हेंबर, आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं. डिसेंबर-जानेवारी, थंडी कडाक्याची, पण डोंगर लख्ख. मार्च-एप्रिल, फुलं भरपूर, हवा मात्र धुरकट. आणि जून ते ऑगस्ट..." इथे नाना थांबतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, "जून ते ऑगस्ट घरी बसा, भजी खा!"

एक शब्द इकडचा तिकडे नाही. परेशभाईंना पाठ, मला पाठ, समोरच्या चहावाल्यालासुद्धा पाठ.

नानांचा दुसरा हट्ट म्हणजे परतीचा फोन. गिऱ्हाईक बडोद्याला परत आलं की दुसऱ्या दिवशी मी फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. राहणं कसं होतं? जेवण कसं होतं? डोंगर दिसला का? याच क्रमाने. एकदा मी म्हटलं, "नाना, लोक कंटाळतात हो." तर म्हणाले, "मुलगी सासरी पाठवली तर दुसऱ्या दिवशी फोन करतेस की नाही? नियम म्हणजे नियम."

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. पण नानांपुढे कोण बोलणार!

* * *

या तीन प्रश्नांनी मला जेवढं हसवलंय तेवढं कुणी हसवलं नाही.

बाजव्याचे एक साहेब होते, रिफायनरीत सेफ्टीला. आयुष्य धुराकडे बघण्यात गेलेलं. परत आल्यावर मी फोन केला. राहणं उत्तम, जेवण ठीक. "डोंगर दिसला का?"

"दिसला. पण बेन, तिथे कुणी जबाबदार माणूस नाही का? पहाटे बघितलं तर शिखरातून धूर! मी ताबडतोब मॅनेजरला उठवला. तो म्हणतो, साहेब, तो ढग आहे. म्हटलं, मला शिकवू नका, असेच म्हणतात सगळे आधी!"

मग म्हणे साहेबांनी अर्धा तास मॅनेजरला शेजारी उभं करून ठेवलं. ढग निघून गेला, सूर्य वर आला, सगळं शिखर सोन्याचं झालं. मी विचारलं, "मग कसं वाटलं?"

साहेब म्हणाले, "समाधान वाटलं. आग नव्हती."

* * *

आता मुख्य माणसाकडे येते, म्हणजे मालूकाकूंकडे. नानांची बायको. जन्म पाणीगेटचा, सासर अकोट्याचं, आणि सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी लहानपणी काढलंय ना ते चित्र? दोन त्रिकोण, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी? ते काकूंनी किती वर्गांकडून काढून घेतलं असेल, देव जाणे.

एकदा ऑफिसात चहा पिताना म्हणाल्या, "अगं, मुलांना आयुष्यभर त्रिकोण काढायला लावले. मला एकदा खरा बघायचाय. बर्फाचा. तो खरंच त्रिकोणी असतो का, तेवढं मला कळू दे."

नाना पटकन म्हणाले, "आपला इथला पावागडचा डोंगर आहे की!"

"पावागडला बर्फ आहे का?"

"माताजी आहेत."

"माताजींना माझा नमस्कार," काकू म्हणाल्या, "पण मला बर्फ बघायचाय."

गंमत बघा, नेपाळला माणसं पाठवून नानांचं आयुष्य गेलं, पण ते स्वतः काठमांडूच्या पुढे कधी गेले नाहीत. तेही कामाला, दोन दिवस, मीटिंग करून परत. आणि काकू तर दिल्लीच्या पुढे नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुट्टीचा सीझन म्हणजे आमचा कामाचा सीझन, मग मालकाची बायको जाणार कधी?

नानांना याची टोचणी होती बरं का. पोखऱ्याला आमचं एक नेहमीचं हॉटेल आहे, टेकडीवर. त्यात कोपऱ्यातली एकच खोली अशी आहे की पडदा सारला की माशाच्या शेपटीसारखं ते शिखर थेट पलंगावर येतं. दर ऑक्टोबरला नाना ती खोली स्वतःच्या नावाने धरून ठेवायचे. "आमची खोली" म्हणायचे.

आणि दर ऑक्टोबरला ती दुसऱ्याला देऊन टाकायचे!

* * *

पहिल्या वर्षी पाणीगेटचे एक मिठाईवाले शेठ आले, रडकुंडीला. मुलाचं लग्न घाईत ठरलेलं, सुनेने हनिमूनला नेपाळच हवं म्हटलेलं, आणि चांगली खोली कुठेच नाही. शेठ म्हणाले, "नानासाहेब, घरात आल्या आल्या पोरीचं मन मोडायचं का?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. नानांनी परेशभाईंकडे बघितलं. परेशभाई टेबलाखाली पेन शोधायला लागले. संपलं! खोली गेली.

संध्याकाळी नानांनी काकूंना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. काकू म्हणाल्या, "बरं केलंत. आपलं काय, पुढच्या वर्षी."

ते जोडपं परत आलं. नियमाप्रमाणे मी फोन केला. मुलगी लाजत लाजत बोलत होती. राहणं छान. जेवण छान. "आणि डोंगर दिसला का?"

पलीकडे बांगड्या किणकिणल्या. मग हळूच म्हणाली, "दीदी, पडदो ज नथी खोल्यो."

पडदा उघडलाच नाही, हे मी काकूंना सांगितलं आणि काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पदराने डोळे पुसायला लागल्या. "माझ्या खोलीचं सोनं झालं गं," म्हणाल्या.

* * *

दुसऱ्या वर्षी हंसाबा. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, बरोबर मुलगा. मुलाने सांगितलं, बांना, म्हणजे आईला, मरायच्या आधी हिमालय बघायचाय, पण जिने चढवत नाहीत, पलंगावरून दिसेल अशी खोली पाहिजे.

अशी खोली एकच. कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या वेळी नानांनी विचारलंसुद्धा नाही कुणाला. पण काकू तेव्हा ऑफिसातच होत्या, नानांच्या स्वेटरचं माप घ्यायला आलेल्या. त्यांनी हंसाबांच्या हातातली काठी बघितली आणि स्वतःच म्हणाल्या, "बा, ती खोली तुमचीच."

परतीच्या फोनवर हंसाबा स्वतः बोलल्या. मोठ्याने, कारण ऐकू कमी यायचं. "डोंगर दिसला का, बा?"

"दीठो ने! सवारे उठीने हाथ जोड्या." मग आवाज आणखी चढवला. "पेली बेननी वती पण जोड्या. एनी रूम हती ने."

काकूंच्या वतीनेही म्हातारीने डोंगराला हात जोडले होते. हे मी काकूंना सांगितलं, तेव्हा मात्र काकू हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला.

* * *

तिसऱ्या वर्षी सगळी तयारी झाली होती. बॅग भरली, बूट घेतले. चांगले जाड तळव्याचे बूट, कारण परेशभाईंनी सांगितलेलं की चप्पल चालणार नाही. निघायच्या चार दिवस आधी परेशभाईंनीच घोळ घातला. बावीस जणांचा ग्रुप आणि खोल्या दहा. एक जोडपं उघड्यावर! परेशभाई कपाळाला हात लावून बसले. "नाना, मारी भूल. मी पैसे परत देतो, मी पाया पडतो."

नाना म्हणाले, "पाया नको पडू. आमची खोली आहे ना."

त्या दिवशी मी भांडले. अगदी टेबलावर हात आपटून भांडले. म्हटलं, "नाना, तुम्ही जगाला डोंगर दाखवा आणि घरच्या माणसाला पावागड दाखवा! दर वर्षी त्या बाईने मन मोठं करायचं, ते कुठवर?"

नाना चष्मा पुसत बसले. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

त्या रात्री आमच्या सोसायटीच्या गरब्यात बघते तर काकू. चणियाचोळी घातलेल्या बायकांच्या मध्ये नऊवारी नाही, पाचवारी साडी, आणि खाली ते जाड तळव्याचे डोंगरी बूट! म्हटलं, "काकू, हे काय?"

"घेतलेत तर वापरायला नकोत?" म्हणाल्या आणि टाळी देऊन पुढच्या फेऱ्यात निघून गेल्या. धम्म धम्म पावलं पडत होती. बायका वाट सोडत होत्या. मला हसू येत होतं, आणि मीही त्यांच्या मागे फेऱ्यात शिरले.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात काकूंना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप कुरकुरत होती. डॉक्टर आमच्याच ओळखीचे, मराठी, मोकळेपणाने बोलणारे. म्हणाले, "घाबरण्यासारखं आज काही नाही. पण वहिनी, कुठे प्रवास करायचा असेल तर या वर्षात करून घ्या. पुढच्या वर्षी विचारलंत तर मी हो म्हणेनच असं नाही."

नाना ऑफिसात आले ते चेहरा पडलेला. म्हणाले, "स्वाती, या ऑक्टोबरला काही झालं तरी जायचं. ब्रह्मदेव आला तरी खोली देणार नाही."

परेशभाई खाली मान घालून पुटपुटले, "ब्रह्मदेव नहीं आवे. कोई डोसी आवशे." म्हणजे ब्रह्मदेव नाही, एखादी म्हातारीच येईल.

तिघांनाही ठाऊक होतं. नानांनासुद्धा. माणूस वाईट नाही हो, पण समोर कुणी हात जोडले की यांच्या तोंडातून नाही हा शब्द निघतच नाही. आणि या खेपेला पुढच्या वर्षीचा भरवसा नव्हता.

* * *

जूनमध्ये एका दुपारी दार उघडलं आणि काकू आत आल्या. नेहमीसारख्या नानांच्या बाजूला नाही गेल्या. माझ्यासमोर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर ठेवली.

"मॅडम, नेपाळचं विचारायचं होतं."

मी म्हटलं, "काकू!"

"काकू नाही. गिऱ्हाईक आहे. सीझन कुठला चांगला?"

मी नानांकडे बोट दाखवलं. नानांना वाटलं, गंमत चाललीय. त्यांनी चष्मा काढला, ताठ झाले. "ऑक्टोबर-नोव्हेंबर, आकाश धुऊन वाळत..."

"ते नको," काकू म्हणाल्या. "मला असा महिना सांगा, की ज्या महिन्यात ती कोपऱ्यातली खोली मागायला कुणी येत नाही."

नानांनी चष्मा घातला, परत काढला. आवाज खाली गेला.

"जून ते ऑगस्ट," म्हणाले. "मालू, पण डोंगर दिसत नाही गं तेव्हा. पाच दिवसांत एकदा दिसला तर नशीब."

"जुलैची द्या," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "दोन माणसं. आणि यांचा फोन बडोद्यालाच राहील."

नाना काही बोलायच्या आत मी बुकिंग करून टाकलं. इतकं झटपट बुकिंग मी आजवर दुसऱ्या कुणाचं केलेलं नाही!

* * *

तुम्हाला वाटेल, झालं. कुठलं झालं!

निघायच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस. ऑफिसात आम्ही तिघं, आणि तिकिटं न्यायला आलेल्या काकू. दार उघडलं. एक गृहस्थ, रेनकोटमधून पाणी गळतंय. वय सत्तरीचं, चेहरा गरीब. म्हणाले, "पोखऱ्याला या आठवड्यात एक चांगली खोली मिळेल का? डोंगर दिसणारी? आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत."

परेशभाई टेबलाखाली गेले. पेन!

मी नानांकडे बघितलं. नानांचा चेहरा विरघळायला लागला होता. तो चेहरा मी ओळखते. ओठ हलले, हात फोनकडे गेला. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

मग नानांनी फोनवरचा हात उचलला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला. लहान मूल ठेवतं ना, तसा. चष्मा काढला. ताठ झाले. आणि आवाज कापत होता, तरी मोठ्याने म्हणाले, "साहेब, जून ते ऑगस्ट घरी बसा, भजी खा!"

ते गृहस्थ म्हणाले, "अच्छा? मग ऑक्टोबरला जाऊ."

"ऑक्टोबरला माझ्याकडे एक फार चांगली खोली आहे," नाना म्हणाले. "पलंगावरून डोंगर दिसतो. तुमच्या नावाने आत्ताच लिहितो."

आणि नाना, ज्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्यांनी घाम पुसला. टेबलाखालून परेशभाईंचा आवाज आला, "सापडलं. पेन मळी गई."

* * *

आता शेवटचा.

ते दोघं गेले आणि परत आले. पोखऱ्याच्या मॅनेजरने मला आधीच कळवलं होतं, पाच दिवस संततधार, ढग मिनिटभरसुद्धा हलला नाही. शिखर सोडा, समोरची टेकडीसुद्धा नाही. मला इतकं वाईट वाटलं. सगळं आयुष्य त्रिकोण काढण्यात गेलं, खोली मिळता मिळत नव्हती, आणि मिळाली तेव्हा पांढरी भिंत!

सकाळी ऑफिसात आले तर नाना आधीच खुर्चीत. रंग उजळलेला, सर्दी झालेली. मी म्हटलं, "नाना, काकूंना आज फोन नको करायला. तिसरा प्रश्न कसा विचारू मी?"

नाना नाक पुसत म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

लावला फोन. काकूंनी उचलला.

"काकू, मी स्वाती. ऑफिसातून. राहणं कसं होतं?"

"फार छान. कोपऱ्यातली खोली आहे बरं का तिथे एक. तीच दिलीत तुम्ही."

"जेवण?"

"भजी," काकू म्हणाल्या. "सकाळी भजी, संध्याकाळी भजी. यांनी हॉटेलच्या बाईला शिकवली, कांदा कसा चिरायचा ते."

समोर नाना कॅलेंडरकडे बघत बसले होते, पण कान इकडेच होते. परेशभाईंनी टायपिंग थांबवलं.

"आणि काकू... डोंगर दिसला का?"

"डोंगर? अगं, खिडकीसमोर खुर्ची टाकून पाच दिवस हेच बसलेले. यांच्या मागचं काय दिसणार!"